पडद्यावर बैठकीचे चित्र आले तर: पीपीडीटीसाठी निरीक्षण, नोंद आणि कथा

सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या सेवा निवड मंडळाच्या, म्हणजे एसएसबीच्या, पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणीनंतर पीपीडीटी, म्हणजे चित्र पाहून कथा लिहिण्याची आणि तिच्यावर चर्चा करण्याची चाचणी, घेतली जाते. तीत एक कृष्णधवल आणि मुद्दाम धूसर ठेवलेले चित्र ३० सेकंद पडद्यावर दाखवतात, पात्रांची नोंद करण्यासाठी १ मिनिट देतात आणि त्यानंतर ४ मिनिटांत कथा लिहायची असते. पुढे गटात बसून प्रत्येकाने आपली कथा साधारण एका मिनिटात सांगायची आणि मग सर्वांनी चर्चा करून एक सामाईक कथा ठरवायची, असा क्रम असतो. या चित्रांमध्ये टेबलाभोवती बसलेल्या माणसांचे, म्हणजे कामकाजाच्या बैठकीचे, चित्र आले की बहुतेक उमेदवारांना हायसे वाटते. सरावाच्या वह्या वाचताना मात्र सर्वांत निर्जीव कथा नेमक्या याच चित्रावर लिहिलेल्या आढळतात.

याचे कारण चित्राच्या स्वरूपात आहे. अपघाताच्या किंवा पुराच्या चित्रात घटना चौकटीच्या आत घडत असते. बैठकीच्या चित्रात ती चौकटीबाहेर असते: माणसे काहीतरी घडले म्हणून जमलेली असतात आणि उठल्यावर काहीतरी करणार असतात. उमेदवार ही बाहेरची दोन्ही टोके सोडून देतो आणि फक्त टेबल रंगवतो. मग “बैठक बोलावली, सर्वांनी विचार मांडले, एकजुटीने मेहनत केली आणि प्रकल्प यशस्वी झाला” एवढेच हाती राहते. अशा वाक्यांतून लिहिणाऱ्याची विचार करण्याची पद्धत कळत नाही, आणि मानसशास्त्रज्ञाला तर तीच पाहायची असते.

पुढील सर्व टप्पे एकाच सरावचित्रावर समजून घेऊ. चित्र असे आहे: मध्यभागी एक लांबट टेबल. डावीकडे दोन पुरुष बसलेले. टेबलापलीकडे मध्यभागी एक तरुण उभा असून त्याचा एक हात टेबलावर पसरलेल्या मोठ्या कागदावर टेकलेला आहे. त्याच्या उजवीकडे एक स्त्री बसलेली, तिच्या हातात पेनसारखे काही आणि नजर त्या कागदावर. टेबलाच्या उजव्या टोकाला खांदे किंचित झुकलेली एक प्रौढ व्यक्ती, जिची मान भिंतीकडे वळलेली आहे. भिंतीवर एक फिकट चौकोन आहे. तो खिडकी आहे, फळा आहे की नकाशा, हे धूसरपणामुळे ठरवता येत नाही.

पूर्वतयारी: चित्रे, अंतर आणि घड्याळ

सरावासाठी मोबाईलच्या पडद्यावरचे स्वच्छ, रंगीत छायाचित्र वापरू नये. वर्तमानपत्रांत जिल्हा परिषदेच्या, साखर कारखान्याच्या, टंचाई आढाव्याच्या बैठकांची छायाचित्रे येत असतात. ती कापून घ्यावीत. दिवाळी अंकांतील कथांसोबतची रेखाचित्रेही या कामी फार उपयोगी पडतात, कारण त्यांत थोडक्या रेषांत माणसांचे परस्परसंबंध दाखवलेले असतात. अशा चित्राची काळीपांढरी झेरॉक्स काढावी, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढावी, आणि चेहऱ्यावरचे डोळे-ओठ पुसट होईपर्यंत हे दोन-तीनदा करावे. परीक्षेतील चित्र एवढेच बोलते. त्याहून स्पष्ट चित्रावर सराव केल्यास चेहऱ्यावरील भावांवर विसंबण्याची सवय लागते आणि प्रत्यक्ष सभागृहात तो आधार मिळत नाही.

चित्र भिंतीवर आठ-दहा फुटांवर लावावे, कारण हातात धरलेले चित्र आणि सभागृहाच्या मागच्या रांगेतून दिसणारे चित्र यांत मोठा फरक असतो. घड्याळ दुसऱ्याच्या हाती द्यावे. स्वतःच घड्याळाकडे पाहत सराव केल्यास ३० सेकंदांतील चार-पाच सेकंद त्यातच जातात.

सावधान: इंटरनेटवर फिरणाऱ्या तयार कथा पाठ करू नयेत. पाठ केलेली कथा लिहिताना उमेदवार चित्राला कथेप्रमाणे वाकवतो आणि पुढे गटचर्चेत “हा माणूस चित्रात कुठे होता?” या साध्या प्रश्नावर अडतो.

टप्पा १: ३० सेकंदांत पाहण्याचा क्रम

चित्र पडद्यावर येताच कथा सुचवू पाहणारे मन बाजूला ठेवून फक्त पाहावे. पाहण्याला क्रम नसेल तर नजर उभ्या व्यक्तीवर खिळते आणि कोपऱ्यातील पात्र हमखास सुटते. पुढील क्रम सरावाने अंगवळणी पडतो.

१. पहिले पाच सेकंद संपूर्ण चौकट एकदम पाहावी: जागा बंदिस्त आहे की उघडी, माणसे साधारण किती, एकमेकांपासून किती अंतरावर आहेत.

२. पुढील दहा सेकंदांत डावीकडून उजवीकडे माणसे मोजावीत. मोजताना मनात फक्त आकडा न म्हणता “एक बसलेला, दोन बसलेला, तीन उभा” असे म्हणावे. त्यामुळे संख्या आणि स्थिती एकाच वेळी लक्षात राहतात.

३. त्यानंतरच्या दहा सेकंदांत हात आणि नजरा पाहाव्यात.

४. उरलेल्या पाच सेकंदांत पार्श्वभूमी आणि कोपरे पाहावेत, आणि शेवटच्या क्षणी मोजणी एकदा पडताळावी.

यांपैकी तिसरी पायरी बैठकीच्या चित्रात सर्वांत मोलाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबू. धूसर चित्रात ओठ आणि भुवया दिसत नाहीत, पण मान कोणत्या बाजूला वळली आहे हे दिसतेच. प्रत्येक डोक्यापासून नजरेच्या दिशेने एक काल्पनिक रेषा ओढावी आणि बहुतेक रेषा कुठे मिळतात ते पाहावे. आपल्या सरावचित्रात चार जणांच्या रेषा टेबलावरच्या कागदावर मिळतात. याचा अर्थ चर्चेचा विषय त्या कागदावर आहे आणि उभा तरुण भाषण करत नसून काहीतरी दाखवत आहे. रेषा तरुणाच्या चेहऱ्यावर मिळाल्या असत्या तर तो बोलत आहे आणि इतर ऐकत आहेत असे म्हणता आले असते. दोन माणसांच्या रेषा एकमेकांवर आणि उरलेल्यांच्या त्या दोघांवर असत्या तर मतभेदाची शक्यता होती. पाचव्या, प्रौढ व्यक्तीची रेषा इतरांपासून फुटून भिंतीकडे जाते. अशी फुटलेली रेषा दिसली की ती नीट लक्षात ठेवावी, कारण कथेला लागणारी अडचण, शंका किंवा वेगळे मत बहुधा तिथेच सापडते.

हातांचेही तसेच आहे. टेबलावर टेकलेला, बोट दाखवणारा, लिहिणारा, छातीशी घडी घातलेला, कपाळाला लावलेला अशा हाताच्या प्रत्येक ठेवणीतून त्या व्यक्तीचा कामातील वाटा कळतो. आपल्या चित्रातील स्त्री पेन धरून कागदाकडे पाहत आहे, म्हणजे ती प्रेक्षक नाही. कामात तिचा हातभार आहे.

तपासणी: चित्र नाहीसे झाल्यावर डोळे मिटून डावीकडून उजवीकडे सर्व पात्रे पुन्हा म्हणता आली पाहिजेत. एखादे पात्र निसटत असेल तर सरावाच्या पहिल्या आठवड्यात कथा लिहूच नये. दररोज पाच-सहा चित्रांवर फक्त हा टप्पा करावा.

टप्पा २: दिसलेले आणि तर्काने ठरवलेले वेगळे करणे

कृष्णधवल चित्र रंगाची माहिती देत नाही, फक्त उजेड-अंधाराची देते, आणि बैठकीच्या चित्रावरील अनेक चुका हे विसरल्याने होतात. फिकट पिवळा, फिकट निळा आणि पांढरा शर्ट असे तिन्ही या चित्रात सारखेच पांढुरके दिसतात. खाकी कपडा मधल्या राखाडी छटेत जातो, आणि तीच छटा हिरव्या किंवा तपकिरी कपड्याचीही असू शकते. त्यामुळे केवळ गडद कपड्यावरून “पोलीस अधिकारी” किंवा पांढऱ्या कपड्यावरून “डॉक्टर” असे ठरवू नये. खांद्यावरची पट्टी, टोपी, गळ्यातील स्टेथोस्कोप असा आकाराचा पुरावा मिळाला तरच तसे मानावे. डोक्यावरचा पांढुरका भाग पिकलेल्या केसांचा असेल किंवा वरून पडलेल्या उजेडाचाही असेल. तेव्हा वय ठरवताना खांद्यांची ठेवण, पाठीचा बाक आणि अंगकाठी यांचा आधार घ्यावा.

सर्वांत मोठी फसगत सावलीने होते. चेहऱ्याचा अर्धा भाग गडद दिसला की उमेदवार त्या पात्राला दुःखी, निराश किंवा रागावलेले ठरवतो आणि मग साऱ्या कथेवर ती उदासी पसरते. सावली हा चित्रकाराने उजेडाची दिशा दाखवण्यासाठी वापरलेला उपाय असतो. मनःस्थिती तीवरून नव्हे, तर शरीराच्या ठेवणीवरून ठरवावी. खांदे झुकलेले आणि मान खाली असेल तर चिंता म्हणता येईल. मान ताठ आणि शरीर टेबलाकडे झुकलेले असेल तर लक्ष किंवा उत्सुकता म्हणावी.

सरावाच्या काळात कागदाचे दोन उभे रकाने करावेत. डाव्या रकान्यात केवळ दिसलेले लिहावे: “मध्यभागी उभा पुरुष, हात कागदावर.” उजव्या रकान्यात त्यावरून मांडलेला अंदाज: “तो योजना समजावत असावा.” डाव्या रकान्यातील एकाही वाक्यात “असावा” येता कामा नये आणि उजव्या रकान्यातील प्रत्येक वाक्याला डावीकडचे किमान एक वाक्य आधार म्हणून दाखवता आले पाहिजे. परीक्षेत हे रकाने लिहायला वेळ नसतो, पण पंधरा-वीस चित्रांवर हे केले की डोक्यात आपोआप तसे कप्पे पडतात.

भूमिका ठरवतानाही हाच नियम पाळावा. उभा असलेला माणूस साहेबच असतो असे नाही. पुष्कळदा वरिष्ठ बसलेले असतात आणि कनिष्ठ उभा राहून माहिती देतो. टेबलाच्या टोकाची खुर्ची, इतरांनी तिच्यापासून राखलेले अंतर, कोणाच्या समोर कागद अधिक आहेत, हे पाहून अधिकाराचा अंदाज बांधावा. बैठकीतील स्त्री म्हणजे टिपणे घेणारी लेखनिक, असे गृहीत धरणाऱ्या कथा आजही मोठ्या संख्येने लिहिल्या जातात, आणि त्यांतून चित्रापेक्षा लिहिणाऱ्याचा पूर्वग्रह अधिक दिसतो. तिच्या हातात पेन आहे एवढेच चित्र सांगते. ती अभियंता असेल, लेखापाल असेल किंवा त्या विभागाची प्रमुखही असेल.

टप्पा ३: १ मिनिटाची नोंद

उत्तरपत्रिकेवरील चौकोनात प्रत्येक पात्राच्या जागी खूण करून वय, लिंग आणि मनःस्थिती नोंदवायची असते, आणि चित्रात काय चालले आहे ते थोडक्यात लिहायचे असते. नेमक्या सूचना मंडळाचे अधिकारी त्या वेळी देतात. त्या कान देऊन ऐकाव्यात आणि क्लासमध्ये शिकलेल्या पद्धतीशी त्या जुळत नसतील तर मंडळाची सूचना पाळावी.

खुणा चित्रातील स्थानानुसार कराव्यात, एका ओळीत नव्हे. आपल्या चित्रासाठी नोंद अशी होईल: डावीकडे पुरुष ३५ आणि पुरुष ३०, मध्यभागी पुरुष २६, त्याच्या उजवीकडे स्त्री ३०, उजव्या टोकाला पुरुष ५०. मनःस्थिती पहिल्या चौघांची सकारात्मक किंवा तटस्थ, पाचव्याची चिंतेची. वयाचा आकडा अचूक असण्यापेक्षा वयांमधील अंतर पटण्याजोगे असणे महत्त्वाचे आहे. पन्नाशीच्या माणसाला ३५ वर्षांचा केले तर कथेतील ज्येष्ठ-कनिष्ठ नाते बिघडते.

मध्यवर्ती पात्र शक्यतो आपल्या वयाच्या जवळचे निवडावे. १८ वर्षांच्या उमेदवाराने ५० वर्षांच्या व्यवस्थापकाला नायक केले तर त्या पात्राच्या निर्णयांत स्वतःचा अनुभव उतरत नाही आणि कथा ऐकीव वाटू लागते.

सावधान: नोंदीत पाच पात्रे आणि कथेत तीनच, किंवा नोंदीत चिंतेत असलेले पात्र कथेत आनंदाने टाळ्या वाजवत असलेले, अशी विसंगती सहज नजरेत भरते. प्रत्येक पात्राला नाव देण्याची गरज नाही, पण प्रत्येकाचा उल्लेख कुठेतरी यावा. “इतर दोन सहकारी” एवढेही पुरते.

टप्पा ४: बैठकीचे कारण शोधणे

संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक विचार इथे करावा लागतो, आणि तो करायला वेगळा वेळ मात्र दिलेला नसतो. नोंदीची शेवटची काही सेकंदे आणि कथेच्या ४ मिनिटांतील पहिले अर्धे मिनिट यासाठी राखून ठेवावे. त्या वेळात पुढील तीन प्रश्नांची उत्तरे मनात एकेका वाक्यात तयार झाली पाहिजेत.

१. हे लोक आज, याच वेळी का जमले? “प्रकल्पावर चर्चा करण्यासाठी” हे उत्तर नव्हे, कारण ते कोणत्याही दिवशी खरे असते. “पुलावर पाणी आल्याने दूध आणण्याची वाट बंद झाली” हे उत्तर आहे, कारण त्यामुळे बैठक आजच घ्यावी लागते.

२. मध्यवर्ती पात्राने बैठकीला येण्याआधी काय केले? टेबलावर कागद पसरलेला आहे, म्हणजे तो कोणीतरी तयार केलेला आहे. बैठकीच्या चित्रात नायकाचा पुढाकार दाखवण्याची खरी जागा हीच आहे. उत्तम नायक बैठकीत येऊन विचार करायला लागत नाही, तो माहिती गोळा करून येतो.

३. बैठक संपल्यावर कोण उठून काय करणार? किमान दोन कामे आणि ती करणारी दोन माणसे ठरलेली असावीत.

कारण निवडताना आपल्याला आतून माहीत असलेले जग घ्यावे. ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे त्याने गारपिटीनंतरच्या पंचनाम्याची बैठक लिहावी. ज्याचे वडील एसटीत आहेत त्याने आषाढीच्या जादा गाड्यांचे नियोजन लिहावे, आणि सोसायटीत वाढलेल्याने गळक्या टाकीच्या दुरुस्तीचे. बहुराष्ट्रीय कंपनी, कोटींचे टेंडर, परदेशी शिष्टमंडळ असे विषय घेतले की तपशील संपतात आणि तपशिलांच्या जागी विशेषणे येऊ लागतात. लहान, पण पूर्ण माहीत असलेले काम नेहमीच अधिक सकस कथा देते.

दहशतवादी हल्ला, शत्रूचा कट किंवा युद्धाची योजना या चित्रात घुसवण्याचा मोह लष्करात जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही चित्रात शस्त्र, गणवेश किंवा धावपळ यांपैकी काहीच नसेल तर तो विषय चित्राबाहेरचा ठरतो. अधिकाऱ्याला लागणारे गुण दूध संकलनाच्या नियोजनातही पूर्णपणे दिसू शकतात.

तपासणी: धूसर वस्तूवर कथा उभी आहे का, हे पाहावे. आपल्या चित्रातील फिकट चौकोन खिडकी मानून कथा लिहिली आणि गटातील इतर सर्वांनी तो फळा मानला, तर आपली कथा कोसळते का? कोसळत असेल तर तो तपशील कथेतून काढावा किंवा गौण करावा. टेबल, मोठा कागद, उभा तरुण आणि पाच माणसे या निश्चित गोष्टींवर उभी असलेली कथा पुढे चर्चेतही टिकते.

टप्पा ५: ४ मिनिटांत कथा लिहिणे

कथेत आधी काय घडले, चित्रात काय चालले आहे आणि शेवट काय झाला, हे तिन्ही भाग यावेत. बैठकीच्या चित्रात उमेदवार पहिला भाग एका वाक्यात उरकतात, मधला ताणतात आणि वेळ संपल्यामुळे शेवट “आणि सर्व काही सुरळीत पार पडले” एवढ्यावर सोडतात. त्याऐवजी आधीच्या घडामोडींना दोन-तीन वाक्ये, बैठकीला तीन-चार आणि अंमलबजावणीला दोन-तीन वाक्ये द्यावीत. चार मिनिटांत शंभर ते सव्वाशे शब्द आरामात बसतात. त्याहून अधिक लिहू पाहिल्यास अक्षर बिघडते.

आपल्या चित्रावरील एक कथा पाहू.

“अनिकेत हा २६ वर्षांचा तरुण एका दूध शीतकरण केंद्रावर पर्यवेक्षक आहे. रात्रीच्या पावसाने आठ गावांतून दूध आणणाऱ्या ट्रकच्या वाटेवरचा पूल पाण्याखाली गेल्याचे त्याला पहाटे कळले. त्याने गावनिहाय संकलनाचे आकडे घेतले, पर्यायी रस्त्यांचा कच्चा नकाशा काढला आणि व्यवस्थापकांना सांगून सहकाऱ्यांना एकत्र बोलावले. नकाशावर हात ठेवून त्याने डोंगराकडचा रस्ता दाखवला. गुणवत्ता तपासणाऱ्या मॅडमनी सर्वांत लांबच्या गावांचे दूध आधी उचलावे असे सुचवले आणि त्याने ते मान्य करताच त्यांनी पेनने तो क्रम नकाशावर लिहिला. अरुंद रस्त्यावर ट्रक वळेल का, ही व्यवस्थापकांची शंका योग्य होती. म्हणून ट्रकऐवजी दोन टेम्पो ठरवण्यात आले. दोन सहकाऱ्यांनी गावांना फोन करून वेळा कळवल्या आणि अनिकेत पहिल्या टेम्पोबरोबर निघाला. दुपारपर्यंत आठही गावांचे दूध केंद्रावर पोहोचले. पर्यायी मार्ग आणि टेम्पोचालकांचे क्रमांक लिहून त्याने तो तक्ता पावसाळ्यासाठी केंद्रात लावला.”

या कथेत काय साधले आहे ते बारकाईने पाहावे. अनिकेत हुशार, धाडसी किंवा कर्तव्यदक्ष असल्याचे एकाही वाक्यात म्हटलेले नाही. गुण कृतीतून येतात. स्त्रीची सूचना स्वीकारल्याने सहकार्य दिसते. प्रौढ व्यवस्थापकाची फुटलेली नजर शंका बनली, त्या शंकेने योजना बदलली आणि त्यामुळे नायक सर्वज्ञ झाला नाही. कागद, उभे राहणे, हाताची जागा आणि पेन या चारही दिसलेल्या गोष्टी कथेत कामाला आल्या, आणि भिंतीवरच्या चौकोनाला हातही लावला नाही.

याच चित्रावर वारंवार दिसणाऱ्या तीन चुका सांगतो. पहिली म्हणजे नायकाने एकट्याने सर्व सोडवणे आणि उरलेल्या चौघांनी केवळ टाळ्या वाजवणे. त्याने पुढाकार दिसण्याऐवजी इतरांविषयीची बेपर्वाई दिसते. दुसरी, खलनायक तयार करणे: टोकाचा माणूस भ्रष्ट अधिकारी आणि तरुण त्याला उघडे पाडणारा. चित्रात झुकलेले खांदे आहेत, भ्रष्टाचाराचा पुरावा नाही. तिसरी चूक म्हणजे बक्षीस, बढती आणि सत्काराचा शेवट. काम पूर्ण झाल्याचे दिसले की कथा पुरी झाली. हारतुऱ्यांवर खर्च केलेले वाक्य अंमलबजावणीतून वजा होते.

मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवारांसाठी एक स्वतंत्र सूचना आवश्यक वाटते. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिताना वेळ अनुवादात जातो आणि लांब वाक्ये अर्ध्यावर तुटतात. यावर उपाय म्हणजे शब्दसंग्रह वाढवत बसण्यापेक्षा लहान, भूतकाळी, कर्ता-क्रियापद स्पष्ट असलेली वाक्ये लिहिण्याचा सराव करणे. योजना, पर्याय, जबाबदारी वाटणे, कळवणे, तपासणे, पोहोचवणे अशा बैठकीला लागणाऱ्या पंधरा-वीस क्रियांसाठीचे इंग्रजी शब्द आधीच हाताशी असले की पुरते. भाषा साधी असल्याने कथा कमी ठरत नाही. शेवट अर्धवट राहिल्याने ठरते.

तपासणी: शेवटची पंधरा सेकंदे राखून फक्त तीन गोष्टी पाहाव्यात. पात्रांची संख्या नोंदीशी जुळते का, नायकाचे नाव मध्येच बदलले नाही ना, आणि शेवटचे वाक्य पूर्ण आहे का.

टप्पा ६: कथन आणि गटचर्चा

कथनात आधी चित्रात काय दिसले ते सांगावे आणि मग कथा सांगावी. “मला पाच व्यक्ती दिसल्या, चार पुरुष आणि एक स्त्री, एक तरुण उभा राहून टेबलावरील कागद दाखवत आहे” अशी सुरुवात केल्याने ऐकणाऱ्यांना संदर्भ मिळतो. लिहिलेली कथा शब्दशः आठवत बसू नये. कारण, तयारी, निर्णय आणि अंमलबजावणी हे चार थांबे लक्षात असले की एका मिनिटात ती ओघाने सांगता येते. नजर समोर बसलेल्या गटाकडे असावी, परीक्षकांकडे नव्हे.

चर्चेत बैठकीच्या चित्रावर बहुधा दोन वाद होतात: माणसे पाच की सहा, आणि उभा असलेला साहेब की कर्मचारी. संख्येचा वाद लांबवू नये. बहुसंख्यांना पाच दिसले असतील आणि आपल्याला सहा, तर ते मान्य करून कथेकडे वळावे. भूमिकेच्या वादात मात्र दिसलेला पुरावा शांतपणे मांडावा: “सर्वांच्या नजरा त्याच्याकडे नसून कागदाकडे आहेत, म्हणून तो माहिती देत असावा.” असे एक वाक्य दहा वेळा मोठ्याने बोलण्यापेक्षा अधिक वजनदार ठरते, आणि टप्पा २ मधील डाव्या रकान्याची मेहनत इथे फळाला येते. गटाने दुसऱ्याची कथा स्वीकारली तर तिच्यात राहिलेली उणीव भरून द्यावी, उदाहरणार्थ बैठकीनंतर कोणी काय केले हे सुचवावे.

सावधान: सर्व जण एकदम बोलू लागले की आवाज चढवण्याचा मोह होतो. दोन वाक्यांच्या मधला क्षण पकडून, कोणाचे तरी म्हणणे पुढे नेत बोलणे अधिक परिणामकारक होते.

टप्पा ७: सरावानंतर वही तपासणे

कथा लिहून झाल्यावर लगेच तपासू नये. एक दिवस जाऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी मूळ चित्र समोर ठेवावे आणि कथेतील जी वाक्ये चित्रातील एखाद्या दिसणाऱ्या गोष्टीशी जोडता येतात त्यांखाली रेघ मारावी. बैठकीच्या भागातील निम्म्याहून अधिक वाक्ये रेघेशिवाय राहिली तर कथा चित्राची नाही. मग क्रियापदांना गोल करावा. “ठरवले, चर्चा केली, विचार केला, मेहनत केली” अशीच क्रियापदे भरली असतील तर तेच वाक्य कोण, काय, कुठे या तपशिलासह पुन्हा लिहावे.

वहीच्या शेवटच्या पानावर आतापर्यंत वापरलेल्या बैठकीच्या कारणांची यादी ठेवावी. पहिल्या दिवशीच्या चाचण्यांतून निवडलेल्यांसाठी पुढच्या टप्प्यात टीएटी, म्हणजे एकामागून एक चित्रांवर कथा लिहिण्याची चाचणी, असते. तीत ११ चित्रे आणि १ कोरी चौकट एकामागून एक येतात, आणि त्यांतही टेबलाभोवती जमलेली माणसे असू शकतात. पहिल्या दिवशीची दूध केंद्राची कथा तिथे नाव बदलून पुन्हा उतरवायची नाही, म्हणून किमान आठ-दहा वेगवेगळी, स्वतःच्या पाहण्यातली कारणे त्या पानावर जमेपर्यंत सराव सुरू ठेवावा.